गेटवरच्या रात्रपाळीच्या वॉचमन आप्पांना

आदरणीय आप्पा,
सादर नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हीच बजावलं होतं, "नाव नको टाकू माय, उद्या सगळं गाव मलाच फोन लावेल." पण समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही गेटवरच्या वहीत डोकं घालता. म्हणून हे उघड पत्र. आमच्या विद्यापीठात नव्याने येणाऱ्या मुलींनी आणि त्यांच्या आईबापांनीही ते वाचावं. मोबाईलमधलं मदतीचं लाल बटण दाबल्यावर पुढे कोण धावतं, हे त्यांना कळलेलं बरं.

खरं सांगू? पहिल्या वर्षाला तुम्ही आम्हाला जरा कटकटेच वाटायचात. रिक्षातून बॅगा उतरतात न उतरतात तोच, "फोन दाखवा." संकटात मदत मागायचं ११२ इंडिया ॲप आहे का? नसेल तर इथंच उभ्याउभ्या घ्या. घरच्यांचे नंबर भरा. लोकेशन चालू ठेवा. बॅटरी सेव्हरने ॲप झोपवून तर नाही ना ठेवलं? मग सेटिंगमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' उघडायला लावून रक्तगट लिहून घ्यायचा आणि आपत्कालीन संपर्कात गेटचा नंबर टाकायला लावायचा. भुसावळची एक मुलगी म्हणाली, "आप्पा, माझा बटणांचा फोन आहे." तुम्ही लगेच म्हणालात, "मग ५ नाहीतर ९ दाबून धर." १ जानेवारी २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला असं पॅनिक बटण सक्तीचं आहे, हे आम्हा कॉम्प्युटर सायन्सच्या पोरींना गेटवरच्या आप्पांकडून कळलं!

त्या रविवारी कानबाईचा सण होता. निम्मं वसतिगृह घरी गेलेलं. मी रावेरची आणि माझी रूममेट पाचोऱ्याची, आम्ही दोघी परीक्षेमुळे थांबलो होतो. ग्रंथालयातून येताना अंधार पडला आणि ती पायवाटेवर एकदम ओरडली, "काहीतरी चावलं." घोट्याच्या वर दोन ठिपके, त्यातून रक्त. साप दिसलाच नाही, गवतात फक्त सळसळ ऐकली. थोड्याच वेळात पाय सुजायला लागला.

मी ॲपमध्ये वैद्यकीय मदतीचं चिन्ह दाबलं. ११२ चा फोन जळगावात वाजत नाही. राज्याचं मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे, दुसरं नागपूरला. पलीकडच्या ताई शांतपणे एकेक विचारत होत्या आणि १०८ ची गाडी निघाली हेही त्यांनीच सांगितलं. त्यांचेही आभार, त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण आम्ही नेमक्या कुठे आहोत, हे त्यांना मी तरी कसं सांगणार? परिसर केवढा, इमारती सगळ्या एकसारख्या आणि आम्ही मधल्याच पायवाटेवर. वर झाडं, ढगाळ आभाळ, नेटची एकच कांडी. नकाशावर आमच्या जागी निळा ठिपका नव्हता, मोठं निळं वर्तुळ होतं. त्यात ग्रंथालय, नाला आणि मुलांचं वसतिगृह, सगळंच बसत होतं.

मग मी पॉवरचं बटण पाच वेळा दाबलं. तुमच्या नंबरवर मेसेज गेला आणि लगेच तुमचा फोन आला. "काय व्हयनं माय?" मी रडतच होते. तुम्ही समजूत घालण्यात वेळ घालवला नाही. विचारलंत, "पाण्याची टाकी कोणत्या हाताला दिसते? लाल दिवा दिसतो का पांढरा? पायाखाली मुरूम आहे का फरशी?" टाकी डावीकडे, दिवा लाल, पायाखाली मुरूम. "बस. तिला चालू देऊ नको. मी ई ऱ्हायनू, येतोच." त्या मोठ्या वर्तुळातून आमची जागा शोधली ती तुमच्या तीन प्रश्नांनी.

मोटारसायकल आडवी टाकून तुम्ही आलात आणि पहिल्यांदा तिचं पैंजण काढलंत, मग सँडल. सूज वाढली की ते रुततं, हे मला माहीत नव्हतं. हातातली काठी तिच्या पायाला लावलीत आणि माझ्या ओढणीने मोडलेल्या हाडासारखी बांधलीत, पण सैल, मधून बोट जाईल इतकी. तोवर जमलेल्यांपैकी कुणी रुमाल करकचून आवळायला निघालं होतं, कुणी ब्लेड शोधत होतं, एकाला जवळच्या गावातला उतारा करणारा बाबा आठवला. "आधी सिव्हिल, मग तुमचा बाबा," एवढंच म्हणालात तुम्ही. गवतात टॉर्च मारून साप शोधणाऱ्या पोरांनाही हाकललंत. ते बरोबरच होतं. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असते, मग साप मारून डॉक्टरांपुढे नेऊन काय करायचं? उलट अजून एकाला चावायचा.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. नकाशा गाड्यांना मागच्या गेटकडे पाठवतो आणि त्या गेटला रात्री कुलूप असतं. निघण्याआधी तुम्ही मागच्या गेटवर चावी पाठवली होती आणि पुढच्या वळणावर एकाला टॉर्च घेऊन उभं केलं होतं. गाडी कुठूनही आली असती तरी अडली नसती. कोणतंही ॲप ही व्यवस्था करत नाही.

सिव्हिलमध्ये तिचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन नळी टेबलावर उभी करून ठेवली. वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. नंतर नर्सताईंनी नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. म्हणजे विष भिनलेलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक घोणस. लगेच सलाईनमधून लस सुरू झाली. रिॲक्शन येऊ शकते म्हणून डॉक्टर बराच वेळ खाटेशेजारून हलले नाहीत. "पाय बांधून आणला नाहीत, चालवत आणला नाहीत, फार बरं केलंत," असं ते मला म्हणाले. ते शाबासकीचे शब्द तुमचे होते, म्हणून इथे जसेच्या तसे पोचवते.

आता ती बरी आहे. सूज उतरली, चालते आहे, आणि मेसच्या डाळीला नावं ठेवायलाही लागली आहे.

परवा तुम्ही ऑइलपेंटचा डबा घेऊन पायवाटेवरच्या दिव्यांच्या खांबांवर आकडे लिहिताना दिसलात. कार्यालयातून मंजुरी यायला वेळ लागेल म्हणून रंग स्वतःच आणला म्हणे. मला विचाराल तर हे काम कुठल्याही नव्या ॲपपेक्षा जास्त कामाचं आहे. घाबरलेल्या मुलीला अक्षांश-रेखांश सांगता येत नाहीत, पण "खांब सतरा" सांगता येतं. उरलेल्या खांबांसाठी आम्ही वर्गात वर्गणी काढली आहे आणि ब्रशही आणलेत. नाही म्हणू नका. आकडे तुम्ही सांगा, रंगवू आम्ही. नालीजवळचं गवत कापून घ्यायचा अर्जही सगळ्यांच्या सह्यांनिशी दिला आहे. त्याचा पाठपुरावा मी करते, तुम्ही त्यात पडू नका. कंत्राटी माणसाने अर्जावर सही केली की काय होतं ते आम्हाला कळतं.

रूममेटच्या आईचा निरोप आहे. थंडी पडली की काकूंना आणि नातवंडांना घेऊन पाचोऱ्याला यायचं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी, शेतातच पंगत. तुमची रात्रपाळी असते हे त्यांना सांगितलंय, म्हणून जेवण दुपारचं ठेवलं आहे. तारीख तुम्ही कळवा. आणि हो, तुमची काठी सिव्हिलमधून तिच्या भावाने आणली आहे, सोमवारी गेटवर देते.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची रावेरची पोरगी