गुन्हा कोणता, हे तरी विचारा

कमाटीबागेतल्या आमच्या सकाळच्या कट्ट्यावर परवा एकमतानं ठरलं, की गुन्ह्याची नोंद असलेल्या स्थलांतरिताला कुठल्याच देशानं आश्रय देऊ नये. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत, त्यांचा आवाज सर्वांत मोठा!

मुळात निर्वासितांच्या संरक्षणासाठीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारातच ही चाळणी आहे. आश्रय देणाऱ्या देशात येण्याआधी, त्या देशाबाहेर गंभीर, बिगर-राजकीय गुन्हा केलेल्याला निर्वासिताचा दर्जा मिळत नाही. 'बिगर-राजकीय' हा शब्द महत्त्वाचा. आपल्याच गायकवाडी संस्थानात १८९३ ते १९०६ नोकरी केलेल्या अरविंद घोषांवर १९१० मध्ये राजद्रोहाचं वॉरंट निघालं, तेव्हा ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीत होते. फ्रेंचांनी इंग्रजांचा कागद तेवढा पाहिला असता तर?

अमेरिकेत मात्र चाळणी फारच बारीक झाली आहे. चोरीच्या गुन्ह्यावरून आश्रय नाकारण्यासाठी पूर्वी किमान पाच वर्षांच्या शिक्षेची मर्यादा होती. १९९६ च्या कायद्यानं ती एक वर्षावर आणली. ती शिक्षा स्थगित असली, माणूस एक दिवसही तुरुंगात गेला नसला, तरी आश्रयाचं दार बंद. खुनी किंवा बलात्काऱ्याला आश्रय नको, यावर माझा कट्ट्याशी वाद नाही. पण दुकानातून काही उचललेला, परत गेल्यास जिवाला मुकेल असा माणूस त्याच रांगेत कसा? त्याचं म्हणणं न्यायाधीशानं निदान ऐकावं.

– एक ज्येष्ठ वाचक, दांडिया बाजार, वडोदरा