काका, रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर आता अडत नाही

ती. काका,
सा. न. वि. वि.

रेंजवरच्या घाईत तुमचे नीट आभार मानायचे राहून गेले. पत्र उघड लिहितोय, कारण इथे ह्यूस्टनमध्ये आपल्यातले काहीजण घरी काडतुसं भरतात आणि तुमची पद्धत त्यांनाही कळायला हवी. (भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे, तिथल्या कुणी हे करून बघू नये.)

माझ्या रिव्हॉल्व्हरसाठी घरी भरलेली .३५७ मॅग्नमची काडतुसं चेंबरमध्ये (सिलिंडर या फिरत्या नळकांड्यातल्या, काडतूस बसतं त्या भोकात) पूर्ण बसत नव्हती. कड वर राहायची, सिलिंडर बंद होईना. 'अंगठ्याने दाबून बसव' हा सल्ला तुम्ही साफ धुडकावलात आणि आधी कारखान्याचं काडतूस घालून बघायला लावलंत. तेही अडलं! म्हणजे निम्मा दोष चेंबरचा. याच रिव्हॉल्व्हरमधून .३८ स्पेशल ही आखूड जातही भरपूर झाडली जाते. तिची पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) १.१५५ इंच लांब, मॅग्नमची १.२९०. आखूड पुंगळीच्या तोंडापुढे काजळी आणि शिशाचं कडं साचतं, लांब पुंगळी त्यावर अडते. ब्रश आणि सॉल्व्हंटने चेंबर घासल्यावर कारखान्याची काडतुसं आपल्या वजनाने खाली गेली. माझी मात्र अजूनही अडत होती.

मग तुम्ही दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) न घालता डमी काडतुसं करायला लावलीत. साइझ केलेली (मूळ मापावर आवळून आणलेली) रिकामी पुंगळी सहज गेली, गोळी बसवून क्रिंप केल्यावर (तोंड गोळीवर आत वळवल्यावर) अडली. ती काळ्या मार्करने रंगवून चेंबरमध्ये फिरवली, तर क्रिंपच्या जरा खाली शाई खरवडून पितळेचा चकचकीत पट्टा दिसला. कॅलिपर लावला, तिथला बाहेरचा व्यास .३७९ इंचाच्या मर्यादेबाहेर. पुंगळ्या कमी-जास्त लांबीच्या होत्या, आणि डाय (काडतुसं भरायच्या प्रेसमधला साचा) गोळी बसवणं व क्रिंप एकाच दाबात करत होती. लांब पुंगळीचं तोंड गोळी खाली सरकत असतानाच आत वळायचं आणि भिंत बाहेर फुगायची.

क्रिंपच सोडून द्यावा का, असं मी विचारलं. त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं: बार उडाल्याच्या धक्क्याने बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात, टोक सिलिंडरबाहेर आलं की तो फिरतच नाही. म्हणून क्रिंप हवाच, फक्त वेगळ्या पायरीत. पुंगळ्या एका लांबीला कापल्या, आधी सगळ्या गोळ्या बसवल्या, मग डाय पुन्हा लावून क्रिंप केला. आता प्रत्येक काडतूस प्रत्येक चेंबरमध्ये अलगद जातं.

काका, तुम्ही स्वतः प्रेसला हात लावला नाहीत. प्रत्येक वेळी 'आता काय दिसतंय?' एवढंच विचारत शेजारी उभे राहिलात. हातात जिवंत काडतुसं असताना असा माणूस जवळ असणं केवढं भाग्याचं, हे मनापासून सांगायचं होतं.

तुमचा कॅलिपर माझ्याकडेच आहे, रविवारी आणून देतो. काकूंना नमस्कार.

आपला,
प्रेसवाला पुतण्या