उन्हाळा आला म्हणून आजीआजोबांचं चालणं बंद करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्च लागला की आमच्या सोसायटीत घरोघरी तेच, आई आता बाहेर पडू नका, बाबा फॅनखाली बसा. काळजीपोटीच बोलतात सगळे, पण यानं उलटंच होतं म्हणून हे लिहितेय.

वय झालं की घाम उशिरा सुटतो आणि कमी येतो, कातडीकडे रक्त कमी जातं, तहानही नीट लागत नाही. म्हणजे अंगातलं टेंपरेचर ३७ डिग्रीच्या आसपास ठेवणारी सिस्टीमच मंदावते. रोज चालणाऱ्यांमध्ये ती बऱ्यापैकी शाबूत राहते, कारण नियमित व्यायामानं रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, हृदय कातडीपर्यंत जास्त रक्त पोचवतं आणि घाम लवकर सुटतो. उकाड्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात आणि घरात बसलं की ती काही आठवड्यांतच जाते, मग मे महिन्यात एखाद्या लग्नाला जरी नेलं तरी त्रास होतो.

सासूबाईंबरोबर मी शिवाजी पार्कला जाते. दोन राउंड झाले की माझा कुर्ता पाठीला चिकटलेला असतो आणि त्यांचा ब्लाऊज जवळजवळ कोरडा, चेहरा मात्र लालबुंद. लोक कौतुकानं म्हणतात, आजींना घामच येत नाही! अहो, हीच तर थांबायची खूण, तिथेच कट्ट्यावर बसायचं, पाणी प्यायचं, मानेवर ओला रुमाल ठेवायचा.

त्यात आपली मुंबईची दमट हवा, घाम नुसता निथळतो, वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. हवामान खातं पण उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात ४० धरतं तर किनाऱ्यावर ३७, उगाच नाही. म्हणून ऊन चढायच्या आत जावं, वेग कमी ठेवावा, आणि बीपीची किंवा लघवीची गोळी चालू असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. चालताना कुणी असंबद्ध बोलायला लागलं तर मात्र वाट बघू नका, सावलीत न्या, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

तुमच्या पेपरला एक विनंती, उन्हाळ्यात ‘ज्येष्ठांनी घरातच थांबावं’ एवढंच छापू नका, कुठल्या वेळी बाहेर पडावं तेही लिहा, आणि तापमानाच्या आकड्याशेजारी आर्द्रताही तेवढ्याच मोठ्या टायपात द्या.

एक वाचक, दादर