शेजारच्या शेडमधल्या काकांना, थँक्यू म्हणायचं राहून गेलं

काका, तुम्ही हे वाचणार नाही माहितीये, तुमचा फोन बटनांचा. पण तोंडावर बोलायला गेलो की "चल, चहा सांग" म्हणून विषय उडवता, म्हणून इथं लिहितोय.

गेल्या महिन्यात उद्यमनगरात माझ्या शेडमध्ये 25 बोअरचे (मधलं भोक 25 मिमीचं) स्प्रॉकेट, म्हणजे साखळीची दातेरी चाकं, पडले होते, ईएन 8 पोलादाचे, भोकात 8 मिमीचा कीवे, म्हणजे की (लोखंडी पाचर) बसायची खाच, मारायचा होता. दरवेळी बाहेर स्लॉटिंगला (मशीनवर खाच पाडून घ्यायला) पाठवा, मग दोन-दोन दिवस त्यांच्या दारात उभं राहा, त्यापेक्षा आपलाच आर्बर प्रेस (हँडल ओढून दाब द्यायचं यंत्र) घेऊ म्हटलं. ज्याच्याकडनं घेतला त्यानं "1 टनात आरामात होतंय, सगळे हाच नेतात" म्हणून गळ्यात मारला. ब्रोच म्हणजे भोकातनं दाबून खाच कापायची दातेरी पट्टी, फूटभर लांब; जॉबवर ठेवला तर रॅमखाली (प्रेसच्या खाली येणाऱ्या दांड्याखाली) उभाच राहीना! मी शहाणा, जरा कलता घालून हँडल ओढलं. कट्ट. नवाकोरा ब्रोच, दोन तुकडे. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे तुमचा हात जड आहे. आणखी एकाच्या कपाटात तोच साईज पडून होता, तो हसून म्हणाला ब्रोच आणि मोटरसायकल कुणाला द्यायची नसते. बरं बाबा.

तुम्ही काय केलंत, तर तुकडे उजेडात धरून बघितले, एक शब्द बोलला नाहीत, घरी गेलात आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला तुमचा स्वतःचा 8 चा ब्रोच, त्याला भोकात सरळ धरणारा बुश, खाच खोल करायला मागं घालायच्या पट्ट्या, सगळं घेऊन आलात. आणि तो माझ्या हातात दिलात हो! तासापूर्वी एक मोडून बसलेल्या माणसाच्या हातात. मी म्हटलं काका तुम्हीच मारा, तर म्हणालात, "मोडला तर मोडला, लोखंडच हाय ते." हे वाक्य मला अजून रात्री आठवतं, खोटं नाही सांगत.

मग तुमच्या ओळखीच्या शेडमध्ये तो जुना रॅचेटचा 3 टनी प्रेस. "टन मागनं बघ, आधी रॅमखाली उंची बघ," हे दुकानदारानं सांगायला पाहिजे होतं, ते तुम्ही सांगितलंत. दोन-तीन दात धरल्यावर माझ्या मनगटाला हात लावून म्हणालात, सोड जरा. दाब काढला आणि ब्रोच आपसूक सरळ झाला, मी बघतच राहिलो. पुढं पट्टी घालून दुसरा पास, दात ब्रशनं साफ करून, तेल लावून, सगळं बिनबोभाट. की अशी बसली की बोटानं सरकली.

बाजारात ज्ञान विकणारे ढीग आहेत, पण आपलं जपलेलं हत्यार दुसऱ्याच्या चुकीवर लावणारा माणूस मला तरी एकच भेटला.

ब्रोच घासून, तेल लावून, त्याच फडक्यात ठेवलाय. सगळे दात शाबूत आहेत, दोनदा मोजले. उद्या सकाळी आणून देतो, चहा मी सांगणार.