थंडीत धावती गाडी बंद पडते आणि तुम्ही ती गरम शेडमध्ये तपासता

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनवरच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांशी आत्ताच बोलणे झाले. माझी तक्रार त्यांनी बंद केली आहे. गाडीचा दोष जागच्या जागी आहे, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

दोष पुन्हा सांगते, कारण जॉब कार्डवर दर वेळी ‘थंडीत स्टार्ट होत नाही’ असे लिहिले जाते. गाडी स्टार्ट होते. उणे १८ अंशांतही पहिल्या सेल्फला चालू होते, आयडलिंगला नीट चालते. रस्त्याला लागून वेग घेतला की काही मिनिटांत पिकअप जातो, इंजिन आचके देते आणि बंद पडते. मग कितीही सेल्फ मारा, दाद देत नाही. तसेच थांबून राहिले की इंजिनची ऊब डिझेलच्या फिल्टरपर्यंत पोहोचते आणि गाडी चालू होते, पुढे जाऊन पुन्हा बंद पडायला. तुमच्याच माणसाने लावलेल्या स्कॅनरवर पी ००८७ हा कोड आला होता, म्हणजे रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब) कमी. इंजिनला डिझेल पुरत नाही हे गाडी स्वतः सांगते आहे. त्यावर तुम्ही बदलले काय, तर आधी बॅटरी आणि नंतर हीटर प्लग, म्हणजे स्टार्ट करताना सिलिंडर तापवणारे प्लग. पहिल्या सेल्फला चालू होणाऱ्या गाडीत हे दोन्ही का बदलले, आणि त्याचे बिल मी का भरले?

डिझेलमध्ये पॅराफिनचे मेण असते आणि थंडीत त्याचे स्फटिक होतात, हे तुमच्या इंजिनिअरना मी शिकवायला नको. मी भरते ते हिवाळी डिझेल आहे, उणे २६ अंशांपर्यंत चालणारे. पंपाच्या पावत्या जोडल्या आहेत. पण ती मर्यादा ज्या चाचणीत ठरते, त्या चाचणीतली जाळी ४५ मायक्रॉनची असते. तुमच्या फिल्टरचा कागद त्याहून कितीतरी बारीक. मर्यादेच्या आतल्या थंडीतही तिथे मेण अडकू शकते, आणि म्हणूनच तुम्ही फिल्टरच्या हाउसिंगमध्ये विजेवर चालणारा हीटर दिला आहे. तो हीटर माझ्या गाडीत मेलेला आहे. गाडी बंद पडल्यावर जागेवरच बाहेरच्या मेकॅनिककडून फिल्टर काढून घेतला, तेव्हा कागदाच्या घड्यांमध्ये पांढुरके, मेणचट किटण बसले होते. बोटाने ओढले की पट्टा उठत होता, आणि तळहाताच्या उबेने ते वितळून स्वच्छ डिझेल होत होते. फिल्टरच्या या हीटरच्या कनेक्टरपर्यंत १२ व्होल्ट येतात. हीटरच्या दोन पिनांमध्ये मीटर लावला तर सर्किट ओपन, म्हणजे आत जोडणीच नाही. हे मोजमाप बाहेर, कडाक्याच्या थंडीत केले आहे. हीटरच्या आतला स्विच डिझेल गार झाल्यावरच जोडला जातो, त्यामुळे उबेत मोजून काहीही कळणार नाही.

आणि तुम्ही नेमके उबेतच मोजता. गाडी टो करून आणली जाते, रात्रभर गरम शेडमध्ये उभी राहते, मेण विरघळते, सकाळी टेस्ट ड्राइव्ह होते आणि जॉब कार्डवर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा रस्त्यात. गाडी रात्रभर बाहेर ठेवा, सकाळी स्कॅनर लावून लोडवर चालवा आणि रेल प्रेशर बघा, एवढीच माझी विनंती होती. ‘बाहेर ठेवायची आमची पद्धत नाही’ असे उत्तर मिळाले.

आता आजच्या फोनबद्दल. हेल्पलाइनवर सगळा पाढा वाचून झाल्यावर कॉल वरिष्ठांकडे गेला. त्यांनी एका वाक्यात सांगितले, “मॅडम, टाकीत थोडं रॉकेल टाका, सगळे टाकतात.” मी विचारले, किती? “दहा टक्के टाका.” मी म्हटले, तुमच्या मॅन्युअलमध्ये रॉकेल टाकू नका असे स्पष्ट छापले आहे, तुमचा सल्ला मला ईमेलवर द्या. “तसं लिहून देता येत नाही.” का? “कंपनीच्या धोरणात बसत नाही.” मग रॉकेलमुळे हाय प्रेशर पंप गेला तर वॉरंटीत बदलून द्याल का? थोडी शांतता. “ते तपासणीनंतर ठरेल.” मी तेच पुन्हा विचारले. तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, थंडीत डिझेल गाडी म्हणजे एवढं चालायचंच. जमत नसेल तर पेट्रोल घ्यायची होती.” आणि लगेच, त्याच सुरात, “कॉलनंतर मेसेज येईल, चांगलं रेटिंग द्या.”

हा हाय प्रेशर पंप डिझेलनेच वंगण घेतो. रॉकेलचे वंगण कमी, पंप झिजला की त्याचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो. हे माहीत असूनही तुमचा अधिकारी तोंडी सांगतो, कागदावर मात्र हात झटकतो. उद्या पंप गेला की ‘भेसळयुक्त इंधन’ म्हणून वॉरंटी नाकारायला तुम्ही मोकळे. मला या बोलण्याची चीड आली आहे आणि ती लपवायचे काही कारण मला दिसत नाही.

धावत्या गाडीचे इंजिन बंद पडते म्हणजे काय होते, ते तरी लक्षात घ्या. ब्रेक दोन-तीनदा दाबला की पेडल दगडासारखे होते. मागून ट्रक येत असतो. केबिनचा हीटर बंद, काचांवर आतून बर्फ धरायला लागतो. मागच्या सीटवर माझी आई होती; तिला अंगावरचा कोट काढून दिला आणि टोची वाट बघत बसलो. आमच्या घरात तुमचीच गाडी घ्यायची असे ठरलेले होते. वडिलांनी तुमची गाडी वर्षानुवर्षे चालवली, त्याच विश्वासावर मी ही घेतली.

मला हवे आहे ते असे. फिल्टरचे हाउसिंग हीटरसह वॉरंटीत बदला. इंजिनकडून परत येणारे (रिटर्नचे) गरम डिझेल फिल्टरकडे वळवणारा व्हॉल्व्ह तपासा. नंतर गाडी रात्रभर बाहेर ठेवून, थंड अवस्थेत, मी समोर असताना चालवा आणि रेल प्रेशरच्या नोंदी मला द्या. गरम शेडमधली चाचणी मी मान्य करणार नाही. बॅटरी, हीटर प्लग आणि टोचे पैसे परत करा. रॉकेलच्या सल्ल्याबद्दल कंपनीची भूमिका लेखी कळवा. तो कॉल तुमच्याकडे रेकॉर्ड झालेला आहे, तो पुसू नका.

१५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर वकिलामार्फत नोटीस देऊन ग्राहक न्यायालयात जाईन. काढलेला फिल्टर, मोजमापाचे व्हिडिओ आणि तुमची सगळी जॉब कार्डे माझ्याकडे आहेत. मला पुन्हा हेल्पलाइनवर पाठवू नका. तांत्रिक विभागातल्या, निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाने फोन करावा.

तक्रारदार ग्राहक