डबी संदेश पाठवते, तो वाचतं कोण?

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात पेसमेकरच्या रिमोट मॉनिटरिंगवर, म्हणजे घरी असलेल्या रुग्णाच्या यंत्रातली माहिती लांबून रुग्णालयात पाहण्यावर, लेख आला होता. लेख सोपा होता, आकृतीही नेमकी होती. पण हे यंत्र बसवलेल्या रुग्णाच्या हृदयावर डॉक्टरांची चोवीस तास नजर असते, असं त्यात ठणकावून लिहिलं आहे. तशी नजर कुणाचीही नसते. हे मी खात्रीने सांगते, कारण आमच्याकडे ती नजर म्हणजे मी, आणि मी संध्याकाळी घरी जाते.

मी रुग्णालयाच्या पेसमेकर विभागात तंत्रज्ञ आहे. सकाळी आल्या आल्या रात्रीतून आलेले संदेश उघडायचे, हे माझं पहिलं काम. कातडीखाली बसवलेलं यंत्र ठरलेल्या वेळी, बहुधा रुग्ण झोपेत असताना, स्वतःजवळची माहिती रेडिओलहरींवरून उशाजवळच्या डबीला देतं. नव्या यंत्रांत डबीऐवजी मोबाइलमधलं अ‍ॅप असतं. तिथून ही माहिती यंत्राच्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि मग माझ्या पडद्यावर येते. बॅटरी किती उरली, हृदयापर्यंत गेलेल्या तारेचा, म्हणजे आमच्या भाषेत लीडचा, विद्युतरोध किती, शंभरातले किती ठोके यंत्राने दिले, मध्येच ठोके बिघडले का, आयसीडी (जीवघेणे जलद ठोके शॉक देऊन थांबवणारं यंत्र) असेल तर शॉक दिला का, हे सगळं त्यात असतं. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबली तर? ते नेहमीच्या पेसमेकरला कळत नाही. आमच्याकडे एक आजोबा रात्री छातीत दुखत असताना सकाळपर्यंत थांबले होते. ‘मशीनने तुम्हाला कळवलंच असेल, म्हणून फोन येईल असं वाटलं,’ असं ते मला म्हणाले. नशिबाने ते पित्तावर निभावलं.

काही रुग्णांना याच्या उलट भीती असते: कुणीतरी लांबून बटण दाबून आपलं हृदय बंद पाडेल. नेहमीच्या पेसमेकर-आयसीडीच्या बाबतीत ही डबी फक्त माहिती घेते. सेटिंग बदलायचं तर रुग्णाला समोर बसवून, प्रोग्रॅमर नावाचं उपकरण लावूनच ते करावं लागतं. २०१७ साली अमेरिकेत एका कंपनीच्या सुमारे ४,६५,००० पेसमेकरमध्ये सुरक्षेची त्रुटी निघाली. तेव्हाही दुरुस्तीचं सॉफ्टवेअर घरबसल्या पाठवलं नाही, रुग्णांना दवाखान्यात यावं लागलं. काम मोजून तीन मिनिटांचं होतं. त्रुटी निघाली हे वाईटच, पण ही भीती माझ्या अनुभवात रुग्णांना वाटते तेवढी मोठी नाही.

यंत्र निरुपयोगी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. एका बाईंच्या आयसीडीच्या लीडचा रोध एका रात्रीत एकदम चढला आणि सोबत रेकॉर्डिंगमध्ये बारीक खरखर दिसली. लीड आतून तुटायला लागली की असं होतं. ती खरखर म्हणजे हृदयाचे जीवघेणे जलद ठोके आहेत, असा आयसीडीचा समज होतो. मग पूर्ण शुद्धीत असलेल्या, धडधाकट माणसाला ते शॉक देतं, आणि खरखर थांबली नाही तर एकापाठोपाठ अनेक शॉक देऊ शकतं. ज्यांना असा शॉक बसला आहे त्यांना विचारा, पुढे कित्येक महिने ती माणसं अंघोळीला जातानाही दार लावून घेत नाहीत. या बाईंना आम्ही त्याच सकाळी फोन करून बोलावलं, शॉक देण्याचं काम तात्पुरतं बंद केलं, दाखल करून घेतलं आणि लीड बदलली. त्यांना कसलाही त्रास होत नव्हता. पुढची नेहमीची तपासणी काही महिन्यांनी होती. तोवर काय झालं असतं, ते मला माहीत आहे.

आता याची दुसरी बाजू. असा संदेश क्वचित येतो. रोज येतात ते पिवळे, म्हणजे कमी तातडीचे संदेश, आणि त्यांतले बहुतेक काही करण्यासारखे नसतात. काही सेकंदांची धडधड, आधीच माहीत असलेलं आणि औषध चालू असलेलं एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके), बॅटरी संपायला अजून वर्ष आहे अशी सूचना. तरी प्रत्येक उघडावा लागतो, लहरी बघाव्या लागतात, जुन्या नोंदीशी ताडून सही करावी लागते. सोमवारी तर शनिवार-रविवारचा ढीग असतो. ढिगात लाल, म्हणजे तातडीचा संदेश वर दिसतो हे खरं, पण लाल काय आणि पिवळं काय हे ज्याने त्या यंत्रासाठी ठरवलं, त्याने त्या रुग्णाचा विचार केला होता का, यावर सगळं अवलंबून असतं.

आणि सगळ्यात जोखमीचे रुग्ण त्या ढिगात नसतातच. त्यांची यादी वेगळी असते: संपर्क तुटलेले. कुणी चार्जर लावायला डबीचा प्लग काढलेला असतो, कुणी मुलीकडे राहायला जाताना डबी घरीच ठेवलेली असते, कुणी नवा फोन घेतला पण अ‍ॅप टाकलेलं नसतं, कुणाच्या फोनने बॅटरी वाचवायला अ‍ॅप आपोआप बंद केलेलं असतं. पडद्यावर संदेश नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं रुग्णालाही वाटतं आणि घाईत आम्हालाही. या यादीतल्या माणसांना एकेक करून फोन लावायला अख्खी दुपार लागते. फोन उचलणाऱ्या सुनेला ब्लूटूथ कसं चालू करायचं हे समजावण्यात माझा जितका वेळ जातो, तितका हृदयाच्या आलेखांत जात नाही. हे काम कुठल्याही अहवालात दिसत नाही.

यातून फायदा होतो की नाही, याचे पुरावे दोन्ही बाजूंनी आहेत. ट्रस्ट नावाच्या चाचणीत (२०१०) आयसीडीच्या १,३३९ रुग्णांमध्ये दवाखान्यातल्या फेऱ्या ४५ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि बिघडलेले ठोके महिन्याभराऐवजी एक-दोन दिवसांत डॉक्टरांच्या नजरेला आले. २०१४ सालच्या इन-टाइम चाचणीत हृदय कमजोर झालेले ६६४ रुग्ण होते. वर्षभरात रिमोट मॉनिटरिंगच्या गटात १० मृत्यू झाले, दुसऱ्या गटात २७. याउलट इंग्लंडमध्ये १,६५० रुग्णांवर झालेल्या रेम-एचएफ चाचणीत (२०१७) काहीच फरक पडला नाही. इन-टाइममध्ये माहिती रोज येत होती आणि ती पाहून पाठपुरावा करायला वेगळी माणसं नेमली होती. रेम-एचएफमध्ये माहिती आठवड्यातून एकदा घेतली जायची. फरकाची कारणं तज्ज्ञ अजून मांडत असतात. मी तज्ज्ञ नाही, पण रोज ते संदेश उघडणारीला यात नवल वाटत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. २०२३ मध्ये हृदयाच्या ठोक्यांच्या विकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून एक निवेदन काढलं. रुग्ण सतत रिमोट मॉनिटरिंगवर असेल, संपर्क तुटत नसेल आणि दुसरी काही तक्रार नसेल, तर प्रत्यक्ष तपासणी २४ महिन्यांपर्यंत लांबवता येईल असं त्यात म्हटलं आहे. हा भाग रुग्णालयांच्या व्यवस्थापनाला फार आवडतो. गर्दी कमी होते, खोली मोकळी होते. पण त्याच निवेदनात असंही आहे की, अशा दर १,००० रुग्णांमागे किमान तीन पूर्णवेळ माणसं हवीत. हे पान कुणी उलटत नाही. मी बैठकीत ते दोनदा वाचून दाखवलं. उत्तर मिळालं, ‘आता सगळं ऑटोमॅटिकच आहे ना!’ तपासण्या लांबवायच्या आणि माणसं नेमायची नाहीत, म्हणजे पूर्वी सहा महिन्यांनी का होईना, पण रुग्णाच्या यंत्राला कुणाचा तरी हात लागायचा, तोही काढून घ्यायचा. त्यापेक्षा जुनी पद्धत बरी, असं मी उघडपणे म्हणते. विभागातल्या काहींना ते आवडत नाही.

रुग्णांनी आणि नातेवाइकांनी यंत्र बसवून घरी निघताना एवढं तरी विचारून कागदावर लिहून घ्यावं. माझे संदेश नेमकं कोण वाचणार? सुट्टीच्या दिवशी वाचणार का? माझी डबी गप्प झाली तर तुम्ही मला फोन करणार की मी तुम्हाला? रात्री त्रास झाला तर कुठल्या नंबरवर? तंत्रज्ञाला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट ज्या रुग्णाने विचारलं, त्याची डबी सहसा बंद पडत नाही, असं मी पाहिलं आहे.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. त्या लेखाचा खुलासा छापाल तेव्हा चौकटीत एवढं जरूर घ्या: छातीत दुखलं, शुद्ध हरपली, किंवा आयसीडीचे शॉक एकापाठोपाठ बसले, तर डबीच्या भरवशावर न राहता लगेच रुग्णवाहिका बोलवा. अक्षर जरा मोठं ठेवा, आमचे बरेचसे रुग्ण सत्तरीच्या पुढचे आहेत.

आपली,
पेसमेकर विभागातली एक तंत्रज्ञ
(नाव छापू नये, ही विनंती.)