फुजीवरचा घसारा

प्रिय पक्या,

फोनवर सांगितलं असतं पण तू कायम ड्रायव्हिंगमध्ये, म्हणून लिहितोच. फुजी झाला रे एकदाचा! ३७७६ मीटर, आपल्या कळसूबाईच्या दुपटीपेक्षा जास्त. अर्थात बस २३०० मीटरवर आणून सोडते, वर ४००० येन फी, त्यामुळे कॉलर टाइट करत नाहीये.

लांबून कसा दिसतो माहितीये ना, पानात पाडलेली भाताची मूदच. जवळ गेलास की नुसता घसारा! लाल-काळी खडी, एक पाऊल वर की अर्धं खाली, उतरताना तर माझे गुडघे बोलायला लागले. कारण हा डोंगर बनलाच तसा, कधी लाव्हा वाहिला, कधी राख-खडी उडून पडली, पुन्हा वरून लाव्हा, असं थरावर थर एकाच तोंडाभोवती साठत गेलं म्हणून एवढा उभा. आणि पोटात अजून जुने ज्वालामुखी गाडलेत, कोमिताके, त्यावर जुना फुजी, आपण चढतो तो सगळ्यात वरचा, वय साधारण दहा हजार वर्षं, म्हणजे डोंगरांच्यात बाळच.

पण मला खरी गंमत दगडाची वाटली. असल्या ज्वालामुखींचा दगड सहसा अँडेसाइट असतो, फुजीचा मात्र बहुतेक बेसॉल्ट, म्हणजे आपला सह्याद्रीचाच काळा कातळ! फक्त आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो लांबच लांब भेगांतून निघून सपाट पसरला, म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या पडल्यात, इथे शंकू.

शेवटचा उद्रेक १७०७ चा. औरंगजेब नगरला मेला ना, तेच साल. ऑक्टोबरात मोठा भूकंप झाला आणि ४९ दिवसांनी डोंगराची आग्नेयेची कूसच फुटली, लाव्हा नाही आला पण राख पार शंभर किलोमीटरवरच्या एडोवर, म्हणजे आत्ताच्या टोकियोवर पडली. मी राहतो तिथे, कळलं का! तेव्हापासून गप्प आहे, पण मेलेला नाही.

सूर्योदय ढगांनी खाल्ला, ते जाऊ दे. तुझ्यासाठी एक दगड उचलणार होतो पण नॅशनल पार्क, बंदी आहे. घरी येऊन बूट झटकले तर बाथरूममध्ये मूठभर फुजी पडला, तो काड्यापेटीत भरून ठेवलाय. दिवाळीत येतोय, तेवढं हरिश्चंद्रगडाचं बघून ठेव.

तुझाच,
बंड्या